तेल गेलं कुठे? डॅलसची सेमी-ऑटो आणि आमच्या खळ्यातलं निदान

आधीच सांगून टाकतो, ही बंदूक मी हातात घेतलेली नाही. सगळं निदान मोबाईलवर, व्हिडिओवर आणि शेवटचा महत्त्वाचा भाग गणपतीत आमच्या घरच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, झाला, बंदूक तेव्हा समुद्रापलीकडे तिजोरीत पडलेली. मी मालवणच्या बाजूला मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, शॉटगनचा मेकॅनिक नाही, पण घरात आजोबांच्या वेळेपासून बारा बोअरची दुनळी आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावर, आता आबाकाकांच्या नावावर, त्यामुळे गज, पुंगळ्या, तेल हे सगळं लहानपणापासून बघितलेलं.

तर बंदूक माझ्या चुलतभावाची, बाबूची. तो डॅलसच्या बाजूला राहतो, तिकडचं ग्रीन कार्ड वगैरे सगळं आहे. रविवारी क्ले शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम मारायला, जातो आणि सप्टेंबरात होल्यांच्या शिकारीला. त्यानं २०२३ मध्ये एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घेतली (बार काढला की पुढचं काडतूस स्वतःच भरणारी), बारा बोअर, २८ इंची नळी, तीन इंची चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा), गॅसवर चालणारी. दुनळी का नाही घेतली असं आबांनी विचारलं होतं तेव्हा म्हणाला खांदा. त्याचा उजवा खांदा मध्ये जाम झालेला, आणि गॅसवाल्या सेमी-ऑटोत धक्का बराच मऊ लागतो, कारण तो एकदम न येता थोडा पसरून येतो. क्लेच्या एका राउंडला २५ बार, सकाळी चार राउंड केले तर शंभर, दुनळीनं एवढे काढले तर माणूस सोमवारी टायपिंग काय करणार.

इथल्या लोकांसाठी एक गोष्ट लगेच स्पष्ट करतो नाहीतर नंतर मेसेज येतात. आपल्याकडे पक्ष्यांची शिकार बंद आहे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, आणि पूर्वी लायसनवर जी काय थोडी मुभा होती तीपण १९९१च्या दुरुस्तीत गेली. सेमी-ऑटो शॉटगनसुद्धा आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाही, प्रतिबंधित वर्गात येते. त्यामुळे हे वाचून कोणी आचऱ्याच्या खाडीवर बदकं बघायला दुर्बीण सोडून दुसरं काही घेऊन जाऊ नये. खालचं सगळं टेक्सासचं, तिकडच्या कायद्यात बसणारं.

तक्रार काय होती? दीड वर्ष बंदूक मस्त चालली. मग २०२४ची थंडी सुरू झाली आणि क्लेची हलकी काडतुसं अडकायला लागली. हलकी म्हणजे एक औंस, २८ ग्रॅम छर्रे, कधी २४ ग्रॅमची. तिसऱ्या चौथ्या बाराला रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी दारातच उभी चिमटून बसायची, किंवा पुंगळी पडायची पण खालचं नवीन काडतूस वर यायचंच नाही आणि बोल्ट, म्हणजे चेंबरचं तोंड बंद करणारा सरकता लोखंडी ठोकळा, रिकाम्या चेंबरवर बंद. शिकारीची जड काडतुसं, ३२ ग्रॅमवाली, ती मात्र चालायची. ट्रॅप, स्कीट, स्पोर्टिंग हे क्लेचेच प्रकार. ट्रॅपमध्ये एका वेळी एकच भरतात म्हणून तिथे एवढं जाणवत नव्हतं, पण स्कीटला आणि स्पोर्टिंगला दोन भरावी लागतात, दुसरी तबकडी डोळ्यासमोरून निघून जायची आणि हा आपला दांडा ओढत उभा.

मग याने काय केलं? सगळं केलं. इथेच माझं पहिलं भांडण झालं त्याच्याशी. एका आठवड्यात पिस्टन घासला, रबरी रिंग नवीन टाकली, काडतुसांची कंपनी बदलली, मॅगझिनची (पुढची काडतुसं भरून ठेवायच्या नळीची) स्प्रिंग बदलली आणि वरून तेल ओतलं. मग पुढच्या रविवारी जरा बरी चालली, त्याच्या पुढच्या रविवारी परत तेच. आता यातलं कशानं बरं वाटलं होतं? कोणाला माहीत. इंजिन धूर मारतं म्हणून नोझल, फिल्टर, पंप, ऑईल सगळं एका दिवसात बदलणारा तांडेल (बोटीचा कप्तान) आणि हा, दोघं एकाच जातीचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायचं हे माणसाला पटतच नाही, कारण त्यात वेळ जातो आणि रविवार एकच असतो.

तिकडच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवली, त्याने पाच मिनिटं बघून सांगितलं की जड काडतुसं वापर, प्रश्न संपला. हे मला अजिबात पटलं नाही. एकतर जड काडतूस म्हणजे खांदा, ज्याच्यासाठी ही बंदूक घेतली तोच मुद्दा गेला. आणि दुसरं, जी गोष्ट दीड वर्ष हलक्यावर चालत होती ती आता चालत नाही म्हणजे मध्ये काहीतरी बदललंय. जोर वाढवून रोग झाकला जातो, बरा होत नाही.

आता ही चालते कशी ते थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बार सुटला की छर्ऱ्यांच्या मागून जो गॅस नळीतून धावतो त्यातला थोडासा, नळीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, कधी दोन, त्यातून खाली उतरतो. खाली मॅगझिनच्या नळीभोवती पिस्टन बसवलेला असतो, तो मागे ढकलला जातो, त्याला जोडलेल्या पट्ट्या बोल्टला मागे नेतात, बोल्ट रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो. बोल्टच्या मागे एक दांडी दस्त्यात जाते. दस्ता म्हणजे लाकूड, पण त्याच्या पोटात एक लोखंडी नळी आणि त्या नळीत लांब स्प्रिंग. बोल्ट मागे गेला की ही स्प्रिंग दाबली जाते, आणि मग तीच बोल्टला परत पुढे फेकते, जाता जाता तो खालून वर आलेलं काडतूस चेंबरमध्ये बसवतो. मागे न्यायला गॅस, पुढे आणायला स्प्रिंग. सगळ्या सेमी-ऑटो अशाच असतात असं नाही, ब्राउनिंगचं १९०० सालचं पेटंट आहे त्यात गॅसचा संबंधच नव्हता, अख्खी नळीच धक्क्यानं मागे यायची, बेनेली कंपनीच्या इनर्शियावाल्यातही, म्हणजे धक्क्याच्या जोरावर बोल्ट चालवणाऱ्या बंदुकीत, गॅस नाही. पण बाबूची गॅसची.

आणखी एक बाब, तीन इंची चेंबरच्या नळीला गॅसचं भोक बऱ्याचदा लहान ठेवलेलं असतं कारण जड काडतुसात गॅस भरपूर असतो, त्याला मोठं भोक दिलं तर बोल्ट मागे आपटून आपटून बंदूक फुटायची. म्हणजे हलक्या काडतुसावर ही बंदूक आधीच काठावर चालत होती. काठावरच्याला थोडा जरी अडथळा आला की तो पडणार.

म्हणून मी त्याला एकच टेस्ट करायला लावली. मॅगझिन रिकामं ठेव, एकच काडतूस चेंबरमध्ये घाल, बार काढ, बोल्ट मागे जाऊन अडकून उघडा राहतो का बघ. त्याच्या मॉडेलमध्ये मॅगझिन रिकामं असलं की शेवटच्या बारानंतर बोल्ट उघडा राहायला पाहिजे. राहिला म्हणजे तो पूर्ण मागे गेला, मग दोष काडतूस वर आणणाऱ्या भागात. नाही राहिला म्हणजे पूर्ण मागे जातच नाही. दहा हलके, दहा जड, वहीत लिहायचं. हलक्यात दहातले सहा उघडे, जडात दहाच्या दहा. म्हणजे मॅगझिनची स्प्रिंग बदलली ते पैसे वाया. एकतर गॅस कमी पोचतोय नाहीतर कुठेतरी घासतंय.

गॅसचा रस्ता आधी घेतला, तो सोपा. भोकात काजळी बसून अर्धं बंद झालेलं होतं, पाईप क्लीनरनं साफ केलं, पिस्टन कोरडा पुसला (याने त्यावर एवढं तेल घातलेलं की काजळी आणि तेल मिळून डांबर झालेलं), रिंग शाबूत आहे बघितलं. परत दहा हलके. सात. मी म्हटलं दहा होतील, झाले सात. तेव्हा मी खरं तर थोडा गप्प झालो. चेंबरला गंज असेल, पुंगळी चिकटत असेल म्हणून चेंबर घासून घेतलं, तरी सातच. मग पावसाळ्याआधीची बोटींची कामं आली, जूनपासून बंदी म्हणून सगळ्यांची इंजिनं एकदम माझ्याकडे, बाबूचं प्रकरण मागे पडलं. तोही जड काडतुसं आणि खांद्याला बर्फ यावर दिवस काढत होता.

२०२५चे गणपती २७ ऑगस्टला आले. बाबू दोन दिवस आधी मोप्याच्या विमानतळावर उतरला. येताना तोंड थोडं वाकडंच, कारण त्याच्या भागात होल्यांचा सीझन दरवर्षी १ सप्टेंबरला उघडतो आणि त्या दिवशी इकडे गौरीपूजन. काकी म्हणाली गौर महत्त्वाची की कवडे. विषय संपला.

आरती झाल्यावर रात्री खळ्यात बसलो होतो, आबाकाका, मी, बाबू आणि दोन पोरं. आबांना ती बंदूक कशी अडकते ते बघायचं होतं. बंदूक नाही म्हणून बाबूने सुपारीच्या झावळीचं देठ खांद्याला लावलं आणि ॲक्टिंग सुरू. धाड, तबकडी गेली, पुंगळी उडाली, आणि उजव्या हाताचा तळवा देठाच्या बाजूला थापटला. परत धाड, परत थापटी. आबा बघत होते. म्हणाले, "ही थापटी कसली मारतंस रे?"

बाबू म्हणाला ती काही नाही, बोल्ट कधीकधी शेवटचं जरासं बसत नाही, हातानं ढकलला की बसतो, सवय झाली.

मी उठूनच बसलो. हे तू मला आठ महिन्यांत एकदाही सांगितलं नाहीस? तर म्हणे तो प्रॉब्लेमच नव्हता, हातानं बसायचा ना. आणि जडावर पण होतं का? हो, जडावर पण होतं अधूनमधून. डॉक्टरसमोर पोट दुखतं सांगायचं आणि रक्त पडतंय ते सांगायचं नाही, तसला हा पेशंट.

कारण गॅस कमी असेल तर बोल्ट मागे कमी जाईल हे ठीक, पण पुढे येताना गॅसचा काय संबंध? पुढे आणते स्प्रिंग. मागे जाताना पण अडतंय आणि पुढे येताना पण रेंगाळतंय, म्हणजे दोन्ही वेळेला जे मध्ये येतं तिथेच काहीतरी आहे, आणि तसं ठिकाण एकच, दस्त्याच्या पोटातली नळी. व्हिडिओत ती थापटी दोनदा दिसली होती मला, नंतर परत बघितले ते व्हिडिओ, मी ती चेंबर घाण असेल म्हणून सोडून दिलेली. म्हणजे चूक माझी पण होतीच, फक्त बाबूवर ढकलून चालणार नाही.

आबांचा दुसरा प्रश्न त्याहून भारी. "तेल घातलंस म्हणतंस, ता खंय गेला?"

बाबू म्हणाला कुठे गेलं म्हणजे, आतच.

"बंदूक उभी ठेवतंस काय?"

उभीच. तिजोरीत रॅक असतो, दस्ता खाली, नळी वर. सगळे तसंच ठेवतात.

"मगे तेल वर चढतला काय? खालीच उतरतला."

आमच्या आजोबांची पद्धत होती, जूनमध्ये पाऊस लागला की दुनळीला गज मारून तेलाचं फडकं फिरवायचं आणि मग दोन दिवस बंदूक उलटी, नळी खाली फडक्यावर टेकवून, दस्ता वर, कोनात ठेवायची, मगच कपाटात. मला लहानपणी वाटायचं काहीतरी श्रद्धा असेल. श्रद्धा कसली, जास्तीचं तेल नळीतून खाली गळून जावं, मागे उतरून दस्त्याच्या लाकडात मुरू नये म्हणून. तेल पिऊन पिऊन लाकूड मऊ काळं पडतं, मग दस्ता सैल होतो. दुनळीत एवढंच नुकसान. सेमी-ऑटोत तेच तेल बोल्टवरून ओघळून दस्त्यातल्या स्प्रिंगच्या नळीत जाऊन बसतं, सोबत काजळी घेऊन, आणि शिकारीत पाऊस लागला असेल तर पाणी पण. तिथे ते दिसत नाही, रोजच्या साफसफाईत तो भाग कोणी उघडत नाही. थंडीत खोबरेलाची बाटली कशी थिजते, तसं ते थंडीत घट्ट होणार. थंडी सुरू झाल्यावरच तक्रार का सुरू झाली त्याचंही उत्तर यात होतं. आणि जितकी अडकायची तितकं हा जास्त तेल घालायचा.

परत गेल्यावर आधी उघडू नको म्हटलं, आधी रिकाम्या बंदुकीवर बघ. चेंबर रिकामं, मॅगझिन रिकामं, डोळ्यांनी आणि बोटानं दोनदा तपासलेलं, मग बोल्ट पूर्ण मागे ओढून हाताने धरून हळूहळू पुढे सोड. व्हिडिओ आला. शेवटच्या दोन बोटांत बोल्ट असा येत होता जसा जुन्या दाराचा खिट्टा, थांबत थांबत. नंतर नळी खाली धरून सोडला तर बसला, नळी वर धरून सोडला तर अर्ध्यातच. बस, आता उघड.

दस्त्याच्या मागची रबरी पट्टी काढली, आत लांब स्क्रू ड्रायव्हरनं मुख्य बोल्ट सोडवला, दस्ता निघाला, नळी दिसली. नळीच्या शेपटाचं टोपण काढताना स्प्रिंग दाबलेली असते ती तोंडावर येते, चष्मा घाल आणि फडकं धर म्हणून तीन वेळा सांगितलेलं, त्याने घातला. आतून जे निघालं त्याचा फोटो मी आबांना दाखवला तर ते म्हणाले काजूच्या टरफलाचं तेल काय हे. काळपट तपकिरी चिकट, मध्ये गंजाचे कण, आणि तळाला दोन थेंब चक्क पाणी. स्प्रिंग काढून नवीनच्या शेजारी ठेवली तर जवळपास एक इंच आखूड, दबून बसलेली. नळी सॉल्व्हंटनं धुतली, गज घालून कोरडी केली, तेलाचं फडकं नुसतं फिरवलं, नवीन स्प्रिंग टाकली. स्प्रिंगची किंमत आधी फुकट बदललेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा कमी होती, हे त्याने मला स्वतःहून सांगितलं नाही, विचारावं लागलं.

तीच टेस्ट परत. दहा हलके, दहा उघडे. मग २४ ग्रॅमवाले, दहातले नऊ. त्या लहान भोकाच्या नळीवर २४ ग्रॅमला नऊ म्हणजे मी खूश, त्याला दहा पाहिजे होते, भोक मोठं करून घेऊ का विचारत होता. अजिबात नाही म्हटलं. भोक मोठं केलं की परत लहान होत नाही, आणि शिकारीची जड काडतुसं याच नळीतून मारायची आहेत. पुढच्या रविवारी २८ ग्रॅमचे चार राउंड केले, शंभरात एक अडकलं, ते मित्राने घरी भरलेलं काडतूस होतं, पितळी बूड किंचित फुगलेलं. ते मी हिशेबात धरलं नाही.

एक गोंधळ मात्र झालाच. मागे मॅगझिनची स्प्रिंग बदलली तेव्हा त्यातली लाकडी कांडी त्याने काढून टेबलावर ठेवली होती आणि ती तिथेच राहिली. क्लेला त्याने फरक पडत नाही. पण होल्यांच्या शिकारीला तिकडे नियम आहे, स्थलांतरी शिकारी पक्ष्यांवर शॉटगनमध्ये एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, एक चेंबरमध्ये, दोन मॅगझिनमध्ये, म्हणून ती कांडी. भरली किती याला अर्थ नाही, मावतात किती ते बघतात. सीझन उघडून तीन आठवडे झाल्यावर हा पहिल्यांदा निघाला, गाडीत बसायच्या आधी सवयीने मॅगझिन भरून बघितलं तर तिसरं काडतूस आरामात गेलं. तसाच परत घरात, कांडी सापडली मुलाच्या खेळण्यात. दिवसाला पंधरा होल्यांची मर्यादा आहे तिकडे, त्याला मिळाले चार, पण बंदूक एकदाही अडकली नाही आणि थापटी बंद.

आबांना सेमी-ऑटो अजून पटलेली नाही. त्यांचं म्हणणं दुनळी मोडून हातावर टाकली की वीस पावलांवरच्या माणसालापण दिसतं की ती रिकामी आहे, ही तुमची बार काढल्या काढल्या परत भरून तयार. यात ते चूक नाहीत. बाबूच्या मैदानात म्हणूनच सेमी-ऑटोवाल्यांना बोल्ट उघडा ठेवून चेंबरमध्ये रंगीत प्लास्टिकची पट्टी घालून फिरायला लावतात, आणि अडकली तरी नळी मैदानाकडेच, मान वळवून मित्राला दाखवायला वळायचं नाही. हे त्याला पहिल्या महिन्यात एकदा ओरडून सांगावं लागलेलं.

जुनी स्प्रिंग आबांना हातात घेऊन बघायची आहे, पुढच्या गणपतीला आण म्हणून निरोप गेलाय. मी बाबूला सांगितलं फोटो पुरे, कस्टमवाल्यासमोर बंदुकीची स्प्रिंग कशाची म्हणून सांगणार. बंदूक आता तिजोरीत नळी खाली ठेवलेली असते, खाली घडी घातलेलं फडकं. पहिल्या आठवड्यात ते फडकं नव्हतं, तेल खालच्या गालिच्यावर उतरलं, आणि त्याबद्दल वहिनीचा जो व्हॉइस मेसेज आलाय तो आबांना अजून ऐकवलेला नाही.